अप्पांनी चुकीचे ओवलेले पुठ्ठे

आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. घर म्हणजे मालकाच्या शेडचा मागचा कोपरा. पुढं चादरीचे माग, मध्ये गोणपाटाचा पडदा, आणि पडद्याच्या अलीकडं आम्ही. माग चालू असले की भाकरी वाढू का हेसुद्धा ओरडून विचारायचं. वीज गेली की माग थांबायचे, पण आमचे आवाज काही खाली यायचे नाहीत. कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी प्रश्न विचारला, मी उभी राहून उत्तर दिलं, तर सर म्हणाले, "मुली, उत्तर देतेस की भांडतेस?" वर्ग हसला. मी म्हटलं, "सर, उत्तर बरोबर हाय का ते सांगा की." उत्तर बरोबर होतं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा ताठ मानेनं सांगते, आणि ऐकणाऱ्याला आवडो न आवडो, दोनदा सांगते.

वडील, म्हणजे अप्पा, त्या शेडमध्ये जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा, आणि नक्षीचे पुठ्ठे ओवून मागावर चढवायचे, हे त्यांचं काम. सोलापुरी चादरीवर फूल उमटतं ते या पुठ्ठ्यांमुळं. पुठ्ठ्यांना भोकं पाडलेली असतात. एकामागून एक पुठ्ठा दोरीनं ओवून त्याची लांब माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर फिरती ठेवायची. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला राहतो. एक पुठ्ठा मागंपुढं झाला तर पाकळी तुटते. मग मालक ती चादर सगळ्यांदेखत जॉबरच्या अंगावर फेकायचा. अप्पांच्या अंगावर चादर कधी फेकली गेली नाही. एवढाच एक मान त्यांनी आयुष्यात कमावला होता आणि तो त्यांनी जपला होता.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आडवा दोरा इकडून तिकडं नेणारा लाकडी धोटा मारणारा दांडा निसटला आणि अप्पांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पकड गेली. मालकानं नवा जॉबर ठेवला आणि अप्पांना शेडच्या दारात स्टुलावर बसवलं. राखणीला. आत कुठला माग लंगडतोय ते त्यांना आवाजावरून कळायचं, आणि उठायचं नाही. जेवताना ते एकदा म्हणाले, "तिसरा माग रडतुया," आणि पुन्हा खाली बघून जेवायला लागले. आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, विड्या वळायची. तिचे हात तेवढे चालू राहिले म्हणून आमच्या पोटात अन्न गेलं.

निकाल लागला. मी पास झाले. श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा होती, तिथून निरोप आला की संक्रांतीची जत्रा, आमचा गड्डा, उरकला की हजर व्हा. सगळे खूश. मी पण. पण मी श्रीपूरला गेले तरी अप्पा त्या स्टुलावरच राहणार होते, हे मला जेवण जाऊ देईना.

खेळाची कल्पना कुठून आली, असं हल्ली मला विचारतात. आमच्याच गावातली इंजिनिअरिंगची पोरंपोरी संगणकावर, मोबाइलवर गेम करतात. कुणीतरी त्यांना माझं सांगितलेलं असतं, मग ती घरी येतात. त्यांना वाटतं कल्पना आभाळातून पडते. मी सांगते, तुमच्या घरात जे पडलेलं आहे, जे बाकीच्यांना कचरा वाटतं, तिथं बघा. आमच्या कोपऱ्यात रद्द झालेल्या नक्षीचे पुठ्ठे ढिगानं होते. अव्वा त्यांनी चुलीला वारा घालायची. एकदा संध्याकाळी मागाच्या पाठीमागचा दिवा लागलेला होता, आणि त्याच्यापुढून पुठ्ठ्यांची माळ सरकत होती. भोकांतून उजेड आला आणि पडद्यावर ठिपक्यांचं पीठ चाळल्यासारखं व्हायला लागलं. ठिपके वरून खाली, वरून खाली. अव्वा विडी हातात धरून बघत बसली होती. विडी वळायची थांबलेली अव्वा मी त्याआधी बघितली नव्हती.

तिथंच माझ्या डोक्यात यंत्र उभं राहिलं. एक लाकडी खोका, पुढं काच. काचेच्या आत पुठ्ठ्यांची माळ, मागं दिवा. बाजूचा दांडा फिरवला की माळ सरकते आणि उजेडाचे ठिपके वरून खाली येतात. खाली एक खरा धोटा, आडव्या सळईवर, खेळणाऱ्यानं तो त्याला बसवलेली मूठ धरून डावीउजवीकडं सरकवायचा. धोट्याच्या पोटाला पितळी खिळा, पुठ्ठ्यांच्या मागं पितळेची पट्टी. ठिपका चुकवला तर खेळ चालू. ठिपका धोट्याखाली आला, की खिळा भोकातून पट्टीला टेकणार आणि घंटा वाजणार. घंटा वाजली की आऊट. घंटेची जोडणी मला कॉलेजनं शिकवली होती. बाकी सगळं अप्पांचं.

मी अप्पांना कागदावर काढून दाखवलं. मला काय काय करायचं होतं! दोन धोटे, रंगीत काचा, गुण मोजणारं चाक, वर फिरणारा मोर. अप्पांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मोर बी नाचवायचा?"

"व्हय की."

"मग गड्डा यंदाचा का फुडच्या वर्षीचा?"

मी मोर खोडला. मग दुसरा धोटा खोडला. चाक खोडलं तेव्हा मला रडू आलं होतं, पण खोडलं. घरी येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हेच विचारते, की बाबांनो, तुमचा मोर कुठला? प्रत्येकाकडं असतो. तो काढला की खेळ पूर्ण होतो. तो ठेवला की खेळ वहीतच राहतो.

अप्पांनी डाव्या हातानं करवत धरली. पुठ्ठ्याची भोकं बारीक असतात, म्हणून फुलाच्या कडेची तेवढी मोठी केली आणि उरलेल्यांवर मी कागद डकवले. त्या महिन्यांत अप्पा राखणीवरून आले की थेट खोक्याजवळ बसायचे. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. माग चालू होते. कुणीच ऐकलं नव्हतं. आम्ही दोघं मोठ्यानं हसलो.

मामाला मात्र हे पटलं नव्हतं. अव्वाचा भाऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता, सायकलवरून येता-जाता आमच्याकडं टेकायचा. म्हणाला, "काय गं अक्का, बी.एस्सी. झालीस ती गड्ड्यात घंटा वाजवायला?"

घरात थोरली म्हणून मला सगळे अक्का म्हणत. मी म्हटलं, "मामा, देवळात पण घंटाच वाजवतात."

"तितं पुण्य मिळतं. हितं काय मिळणार?"

"टॉवेल. तुझ्या कारखान्यातले. पैसे देऊन एक डाव खेळायचा, शेवटपर्यंत घंटा न वाजवता जाईल त्याला टॉवेल बक्षीस."

मामानं कपाळाला हात लावला. पण डागाळलेले टॉवेल मालकाला सांगून त्यानंच आणून दिले, हेही लिहायला पाहिजे.

अप्पांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून टाकलं. "गड्डा उठंपर्यंत हे चाललं, तर मी स्टूल सोडतो आणि ह्योच धंदा करतो. न्हाय चाललं, तर अक्का श्रीपूरला, मी स्टुलावर, आणि हे लाकूड चुलीत. कुणी कुरकुर करायची न्हाय." अव्वा म्हणाली, "साकु." तिचं माहेर कन्नड. साकु म्हणजे पुरे. ती म्हणाली की विषय संपायचा.

गड्ड्याआधी आम्ही यंत्र गल्लीत काढलं. मी सगळ्यांना नियम समजावून सांगायला लागले. खिळा म्हणजे काय, पट्टी म्हणजे काय, वीज कशी वाहते. लोक जांभया द्यायला लागले. अप्पा म्हणाले, "अक्का, तू गप बस की जरा. त्यांचे हात बघ." मी गप बसले. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. पण बघितलं तर लोक नियम न ऐकताच खेळत होते. मुठीला हात लावायचे, एकदा घंटा वाजायची, आणि सगळं कळायचं. तेव्हापासून मी नव्या मुलांना सांगते, की खेळ दुसऱ्याच्या हातात द्या आणि आपली जीभ दाताखाली धरा. तो अडला तर त्याला सांगू नका, खेळ बदला.

गल्लीतले लोक भराभर जिंकले. शेजारची काकू जिंकली, तिची सून जिंकली, मामा जिंकला. सगळ्यांनी वाहवा केली. मला वाटलं, झालं, आपण जग जिंकलं. लोकांना जमतंय म्हणजे खेळ चांगला. इतकं साधं गणित मी मांडलं आणि खोका हातगाडीवर घालून गड्ड्याच्या होम मैदानावर नेला.

पाळण्यांच्या रांगेपलीकडं, बांगड्यांच्या दुकानाशेजारी आम्हाला जागा मिळाली. पहिल्या दिवशी दुपारी खेड्याकडची मंडळी आली. करकंबचे एक काका पुढं झाले, त्यांनी मूठ धरली, अप्पांनी दांडा फिरवला, आणि पहिल्याच फुलाला घंटा. काका दचकले, लोक हसले, काका निघून गेले. दुसरा आला, घंटा. तिसऱ्याला त्याच्या बायकोनंच ओढून नेलं, "चला, येड्यात काढत्यात." संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटली आणि विणकर आले. ते उभे राहिले, त्यांनी एक डोळा बारीक केला, आणि धोटा असा सरकवला की जणू घरचा पाठ रस्ता आहे. एकाला घंटा नाही. दुसऱ्यालाही नाही. टॉवेल गेला, दुसरा गेला. एक जण तर मागं वळून मित्राशी बोलत बोलत खेळला आणि जिंकला. टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "ताई, उद्या बी हाय का?"

मामानं टॉवेल टांगलेली दोरी रिकामी होत चाललेली बघितली. "अक्का, ह्यो खेळ हाय का टॉवेल वाटपाचा कार्यक्रम?"

घरी परतताना कुणी बोललं नाही. आमच्या घरात कुणी बोलत नाही म्हणजे काय, हे तुम्हाला आता कळेल.

घोळ काय झाला होता? आम्ही विणकरांच्या गावात विणकरांच्याच पुठ्ठ्यांचा खेळ केला होता. ती नक्षी शेडमधल्या प्रत्येकानं जन्मभर बघितलेली. किनार, मग कळी, मग फूल, पुन्हा कळी, पुन्हा किनार. पुढं भोक कुठं येणार, हे त्यांना ठिपका दिसायच्या आधी ठाऊक. ते डोळ्यांनी खेळतच नव्हते. आणि गल्लीतली ज्यांनी वाहवा केली ती सगळी मागावरचीच माणसं. करकंबच्या काकांना मात्र ते फूल म्हणजे अंगावर आलेली गारपीट. एकाला खेळ उरला नव्हता आणि दुसऱ्याला सुरूच झाला नव्हता. हे आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून झालं नसतं, कारण आम्हाला नक्षीशिवाय पुठ्ठा असतो हेच सुचलं नव्हतं. नव्या पोरांना मी हे आवर्जून सांगते. तुमचे मित्र तुमच्यासारखेच असतात. त्यांना खेळायला द्या, पण त्यांच्या टाळ्यांवर हातगाडी भरू नका.

सकाळी मी अप्पांना म्हटलं, "अप्पा, माळ सोडू या. पुठ्ठे उलटसुलट ओवू या. इथली कळी तिथं, दुसऱ्या चादरीचं फूल मध्येच."

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी त्यांना कुणाचं तरी घर फोडायला सांगितलंय. "नक्षी मोडायची?"

"व्हय."

"म्या?"

"तुम्हीच. मला ओवता कुठं येतंय?"

त्यांनी माळ मांडीवर घेतली. सुई घेतली. पहिला पुठ्ठा सोडला आणि दुसरा हातात धरून तसेच बसले. हात पुढं जाईना. सगळी उमर ज्या एका चुकीला घाबरून काढली, तीच चूक मुद्दाम करायची होती. एकदा त्यांनी ओवलं, आणि मी बघते तर नकळत पुन्हा बरोबरच ओवलेलं. बोटांना दुसरं येतच नव्हतं. अव्वा चुलीपाशी बसून बघत होती. ती उठली, पुठ्ठ्यांचा ढीग दोन्ही हातांनी पत्त्यांसारखा कालवला, अप्पांच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "आता बघू नगा. वरचा वरचा घ्या आणि ओवा."

अप्पांनी डोळे मिटून ओवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं उघडले. आणखी थोड्या वेळानं ते गालात हसायला लागले.

तेवढ्यावर भागणार नव्हतं, कारण करकंबचे काका माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. मी विचारलं, "अप्पा, नवा माणूस मागावर आला की तुम्ही त्याला पहिलं काय विणायला द्यायचा?"

"साधं कापड. मग किनार. फूल लई नंतर."

"मग माळेत पण तसंच करू या की."

सुरुवातीला आम्ही बिनभोकाचे कोरे पुठ्ठे लावले. माणसानं मूठ धरावी, धोटा हलवून बघावा, हसावं. मग एका पुठ्ठ्यावर एकच भोक. मग थोडे कोरे. मग दोन भोकं, दोन्ही कडांना. असं वाढवत नेलं आणि शेवटी अव्वानं कालवलेला सगळा गोंधळ. आज पोरं याला काही तरी इंग्रजी नाव सांगतात. आम्हाला नाव माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की नव्या माणसाच्या अंगावर पहिल्याच दिवशी फूल टाकायचं नसतं.

त्या दिवशी दुपारी एक बाई आली. डोक्यावर पदर, काखेत बांगड्यांची पुडी, उसाच्या रानातली असावी, हात तसे होते. नवरा म्हणाला, "अगं, ते शहरातल्यांचं हाय." ती म्हणाली, "मग आपून काय जंगलातलं?" आणि मूठ धरली. कोरे पुठ्ठे गेले. पहिला ठिपका आला, तिनं धोटा बाजूला घेतला आणि एकदम ओरडली, "गेला बगा! गेला!" दुसरा चुकवला. तिसऱ्याला ती धोट्याशीच बोलायला लागली, "हिकडं ये, माज्या राजा, हिकडं." माणसं गोळा झाली. ती बरीच पुढं गेली आणि मग घंटा वाजली.

काल याच क्षणी माणसं निघून जात होती.

बाई म्हणाली, "थांबा. माज्याच हातानं गेलं. पुन्यांदा लावा."

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. खेळ चांगला झालाय की नाही, हे मला कुणी विचारलं तर मी विचारते, की हरणारा काय म्हणतो? येड्यात काढत्यात म्हणाला, तर घरी न्या. माझ्याच हातानं गेलं म्हणाला, तर खेळ झाला.

आता विणकर राहिले होते. संध्याकाळी पाळी सुटली आणि कालचाच तो टॉवेलवाला मित्रांना घेऊन आला. "ताई, दोन काढून ठिवा." उभा राहिला, डोळा बारीक केला, मागं वळून मित्राशी बोलायला लागला. कोरे पुठ्ठे गेले, एकदोन ठिपके गेले. मग किनारीनंतर कळी यायची तिथं फूलच आलं, तेही अर्धं. घंटा.

तो काचेला नाक लावून बघायला लागला. "ह्ये काय? हितं कळी पायजे की!"

"नाही आली," मी म्हटलं.

तो पुन्हा खेळला. पुन्हा घंटा. मित्र हसायला लागले, "अरं, काल तर लई मारत हुतास." त्याचा चेहरा लाल झाला. तो ओरडला, "कुणी ओवलेत हो हे पुठ्ठे? कुठल्या आंधळ्या जॉबरनं? हात तोडा त्याचे!"

सगळी गर्दी अप्पांकडं बघायला लागली. मी पण. जन्मभर या एका वाक्याला घाबरलेला माणूस दांडा धरून उभा होता. अप्पांनी दांडा सोडला, धोतराला हात पुसले, आणि आमच्या घरच्या आवाजात, मागावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"म्या ओवलेत. लई विचार करून ओवलेत. खेळायचं तर सरळ उभा ऱ्हा आणि डोळे उघडून खेळ."

लोक जे हसले! तो विणकरही हसला. त्यानं बाह्या सरसावल्या, सरळ उभा राहिला आणि डोळे उघडून खेळला. हरला. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. तोवर रांग बांगड्यांच्या दुकानापुढून वळली होती, आणि बांगडीवाला मामाशी भांडत होता की तुमची माणसं माझ्या दारात उभी आहेत. मामा त्याला अभिमानानं सांगत होता, "आमच्या भाचीचं यंत्र हाय. बी.एस्सी. हाय ती."

अप्पा रोज सकाळी थोडे पुठ्ठे सोडून नव्यानं चुकीचे ओवायचे, म्हणजे कालचा माणूस आज पाठ करून येऊ नये. शेवटी शेवटी त्यांना त्यात इतकी गोडी लागली, की अव्वानं म्हणावं, "साकु, तिकडं मैदानावर रांग लागलीय."

गड्डा उठेपर्यंत यंत्र चाललं. मी श्रीपूरला कळवलं की मी हजर होत नाही. अप्पांनी मालकाच्या शेडसमोरचं स्टूल सोडलं ते पुन्हा त्यावर बसले नाहीत. पुढं आम्ही जत्रेजत्रेत गेलो, आणखी यंत्रं केली, आणि मागाच्या शेडमधून निघून स्वतःच्या घरात राहायला गेलो. तो खेळ सोलापुरात तयार झाला, तो मी आणि माझ्या वडिलांनी केला, आणि आमचं घर त्यावर चाललं.